हातावर वाढलेला फिंच हाताला का बिचकतो?

पत्राचा सारांश

एका वाचक भगिनींनी झेब्रा फिंचचे १० दिवसांचे पिल्लू हाताने भरवून वाढवले. ते ओळखीच्या पक्षीपालकाकडे घरट्याबाहेर पडलेले सापडले होते. पंख फुटून उडू लागल्यावरही ते दिवसभर त्यांच्या खांद्यावर बसे आणि तळहातावर झोपी जाई. आता ते साडेतीन महिन्यांचे झाले असून गालांवर नारिंगी ठिपके उमटल्यामुळे तो नर आहे हे कळले आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तो खांद्यावर येतो, परंतु हात पुढे केला की उडून जातो. कधी बोटाला चोच मारतो, तर कधी त्याच बोटासमोर नाचून गातो. तो खोलीत मोकळा असतो आणि संध्याकाळी त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवावे लागते, त्यात दोघांचीही दमछाक होते. बाई कामासाठी बाहेर पडल्या की तो सारखा हाका मारत राहतो, असे घरचे सांगतात. सकाळी दाणे उशिरा दिले तर भुकेपोटी तो हातावर येईल, असे त्यांच्या थोरल्या भावाचे मत आहे. पक्षी विकणाऱ्या एका गृहस्थांनी पंख छाटायला सुचवले आहे, आणि दुसरा पक्षी आणलात तर हा तुम्हाला विसरेल, असेही बजावले आहे. "मी त्याला आईसारखे वाढवले. तो माझ्यापासून दूर का चालला आहे? त्याला पुन्हा हातावर यायला आणि हाकेला ओ द्यायला कसे शिकवू?" असे त्या विचारतात.

उत्तर

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी ओझरती लिहिली आहे. तुमचा पक्षी तुमच्या खांद्यावर अजूनही आपणहून येऊन बसतो. तो पळतो तो केवळ तुमच्या हातापासून. तो साधारण पाच आठवड्यांचा होईपर्यंत त्या हाताने त्याला भरवले. स्वतः दाणे टिपू लागल्यावर भरवणे थांबले, आणि त्यानंतर त्या हाताकडे, त्याच्या अनुभवापुरते, एकच काम उरले: रोज संध्याकाळी खोलीभर पाठलाग करून त्याला मुठीत धरणे. खांद्याने त्याला कधीही पकडलेले नाही, म्हणून खांद्यावरचा त्याचा विश्वास शाबूत आहे. झेब्रा फिंचचे वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम असते, आणि एवढ्याशा पक्ष्याला मागून येऊन आवळणारी कोणतीही गोष्ट शिकाऱ्यासारखीच असते, मग ती आवळणारी बोटे कितीही मायेची असोत. त्यातच पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते; छातीची हालचाल झाली तरच त्यांचा श्वास चालतो, त्यामुळे मूठ किंचित घट्ट झाली तरी पक्षी गुदमरू शकतो. तो बिचकतो यात त्याचे काहीही चुकलेले नाही.

म्हणून कोणतेही शिक्षण सुरू करण्यापूर्वी संध्याकाळचे पकडणे बंद झाले पाहिजे. याला तुम्हाला वाटते तितके कौशल्य लागत नाही. दाणे आणि पाणी पिंजऱ्यातच मिळावे, खोलीत अन्यत्र कोठेही नाही. लहान पक्षी रात्रीच्या उपवासाची तरतूद म्हणून अंधार पडण्यापूर्वी पोटभर खाऊन घेतात, आणि ही सवय तुमच्या कामाची आहे. सध्या त्याला दिवसभर मोकळे न ठेवता, तुम्ही घरी असताना, दिवस मावळण्याच्या दीड-दोन तास आधी बाहेर सोडा. पिंजऱ्याच्या दाराला बाहेरच्या बाजूने एक दांडी लावा, म्हणजे त्याला उतरायला जागा मिळेल आणि तेथून एका उडीत आत जाता येईल. खोलीतील उजेड हळूहळू कमी करत न्या आणि पिंजऱ्याजवळचा दिवा तेवढा राहू द्या. बहुतेक फिंच उजेडाकडे आणि नेहमीच्या झोपेच्या दांडीकडे आपसूक वळतात. तो आत गेल्याबरोबर झडप घातल्यासारखे दार लावू नका. त्याला निवांत खाऊ द्या आणि मग सावकाश दार ओढून घ्या. पहिले काही दिवस वेळ लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच त्याला सोडत जा. एखाद्या दिवशी निरुपायच झाला, तर दिवे पूर्ण मालवा, तो बसला आहे ती जागा आधी नीट पाहून ठेवा, आणि अंधारात हलक्या कापडाने अलगद उचला. अंधारात पक्षी सहसा उडत नाही, त्यामुळे पाठलागाचा प्रसंग टळतो.

आता 'आईसारखे' या तुमच्या शब्दाकडे वळते. १० दिवसांचे पिल्लू दिवसभर थोड्या-थोड्या वेळाने भरवून जगवणे हे चिकाटीचे आणि जिकिरीचे काम आहे, आणि ते तुम्ही पार पाडले. परंतु आईच्या वाट्याला पुढे काय येते, तेही पाहिले पाहिजे. फिंचची पिल्ले साधारण तिसऱ्या आठवड्यात घरट्याबाहेर येतात. त्यानंतर आणखी दोन-तीन आठवडे ती आईबापांसमोर अंग चोरून बसतात, मान पिळवटून उघडी चोच वर करतात आणि कलकलाट करून खाणे मागतात. मग आईबाप भरवणे थांबवतात. पुढच्या अंड्यांची तयारी सुरू झाली असेल तर मोठ्या पिल्लांना हुसकावूनही लावतात, आणि पिल्ले आपल्या वयाच्या पक्ष्यांत मिसळून जातात. तुमच्या तळहातावर येणारे पिल्लू काही अंशी खाणे मागायला येत होते आणि काही अंशी ऊब शोधायला, कारण या जातीचे पक्षी दांडीवर अंगाला अंग भिडवून बसतात आणि झोपतात. या दोन्ही गरजांना त्या वेळी तुमचा हात हेच उत्तर होते. आता एक गरज संपली आहे आणि दुसरी हाताने भागण्यासारखी राहिलेली नाही. तो तुमच्याजवळ राहून मोठा झाला आहे, एवढाच त्याच्या वागण्याचा अर्थ आहे.

त्याच्या माणसाळलेपणातील जे टिकाऊ आहे, ते टिकलेलेच आहे. आईबापांकडे वाढलेला फिंच माणूस खोलीत शिरताच पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जातो. तुमचा पक्षी तुमच्या वावरण्याला, आवाजाला, श्वासाला भीत नाही. शिक्षणासाठी याहून चांगली सुरुवात नाही. मात्र हात अंगावरून फिरवून घेणे, बोटांनी मान खाजवून घेणे, तळहातावर पडून राहणे या पोपटांकडून होणाऱ्या अपेक्षा फिंचकडून करू नयेत. फिंच एकमेकांच्या मानेवरील पिसे चोचीने विंचरतात, ते जोडीदाराच्या नात्यात. आपल्या बोटाने तेच करू लागलो तर आपण त्याला दिलासा देत नसतो, त्याची गफलत वाढवत असतो.

त्या गफलतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बोटासमोरचे नाचगाणे आणि बोटाला मारलेली चोच यांचे मूळ एकच आहे. झेब्रा फिंच साधारण तीन महिन्यांत वयात येतो. गाणे फक्त नर गातो, आणि मादीसमोर गाताना तो दांडीवर ठेक्यात उड्या मारत, अंग या बाजूला त्या बाजूला वळवत पुढे सरकतो. तुमचा पक्षी हेच बोटासमोर करतो, कारण ज्या वयात आपले कोण आणि परके कोण हे मनावर उमटते, त्या वयात त्याच्यासमोर फक्त बोटे होती. क्लाउस इमेलमान या जर्मन संशोधकाने या पक्ष्यांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे प्रयोग केले, ते या विषयात पायाभूत मानले जातात. त्यांनी झेब्रा फिंचची पिल्ले बंगाली फिंचच्या जोड्यांकडून वाढवून घेतली. वयात आल्यावर त्या नरांसमोर दोन्ही जातींच्या माद्या ठेवल्या, तेव्हा ते प्रामुख्याने बंगाली फिंचच्या माद्यांपुढेच गाऊ लागले, आणि हा कल पुढे दीर्घकाळ टिकला. त्याच प्रयोगांतील दुसरी गोष्ट मात्र तुमच्यासाठी आशादायक आहे. यांतील नरांना केवळ आपल्या जातीच्या माद्यांसोबत ठेवले, तेव्हा त्यांनी जोड्या केल्या आणि पिल्लेही वाढवली. लहानपणचा ठसा पुसला जात नाही, पण त्याच्यासह आपल्या जातीत राहणे पक्ष्याला जमते.

त्याला आपल्या जातीची सोबत मिळेपर्यंत बोटासमोरील नाचाला उत्तेजन देऊ नये. नाच सुरू झाला की हात शांतपणे काढून घ्या आणि दुसऱ्या कामाला लागा. चोच मारल्यावर ओरडू नये, फुंकर मारू नये, चोचीवर टिचकी तर मुळीच मारू नये. पिंजऱ्यातील आरसा काढून टाका. आरशातील पक्षी समोर दिसतो, पण हाकेला उत्तर देत नाही आणि शेजारी येऊन टेकत नाही, त्यामुळे त्याने सोबतीची गरज भागत नाही. केसांत शिरून तो घरटे केल्यासारखा बसत असेल, तर तेही हलकेच मोडावे.

भुकेचा मार्ग मात्र मी कोणत्याही परिस्थितीत सुचवणार नाही, आणि भावाच्या सल्ल्यातील हेतू चांगला असला तरी तो मानू नये, असे स्पष्टच सांगते. एवढ्या लहान पक्ष्याच्या शरीरात साठा नगण्य असतो आणि खर्च मोठा असतो. तो दिवसभर थोडे-थोडे खात असतो, कारण त्याला त्यावाचून गत्यंतर नसते. रात्रीच्या उपवासानंतर सकाळ ही त्याच्यासाठी सर्वांत नाजूक वेळ असते. त्या वेळी दाणे रोखून धरले, तर तो हातावर येईलही, पण भीती असूनही पोटासाठी येईल. अशा येण्याला आपण विश्वास समजलो तर फसगत आपलीच होते. शिवाय आजारी फिंच शेवटपर्यंत आजार लपवतो, त्यामुळे उपाशी ठेवलेला पक्षी नुसता भुकेला आहे की खचत चालला आहे, हे ओळखण्याची संधीही राहत नाही. एक दिवस पूर्ण उपाशी राहिलेला फिंच दगावू शकतो.

यापेक्षा साधी आणि निर्धोक युक्ती अशी की रोजच्या दाण्यांचे भांडे नेहमी भरलेले ठेवायचे आणि आवडीचा पदार्थ तेवढा शिकवण्याच्या वेळेसाठी राखायचा. बहुतेक फिंचना राळ्याचे कणीस अतिशय आवडते. ते पिंजऱ्यात कायम टांगलेले असेल तर आजच काढून ठेवा, आणि यापुढे ते केवळ तुमच्या हातून, तुमच्या सोबतीतच मिळू द्या. पोट भरलेले असूनही कणसासाठी तो येतो, तेव्हा तो खरोखर स्वतःच्या मर्जीने येतो.

पंख छाटण्याबाबत फार लिहिण्याची गरज नाही. पोपट चोचीने धरून वर चढू शकतो, फिंचला ते येत नाही. त्याच्याकडे उडी आणि उड्डाण एवढीच दोन साधने आहेत. पंख छाटलेला फिंच उंचावरून आदळतो, व्यायामाला मुकतो आणि ज्याला बिचकतो त्याच्यापासून दूरही जाऊ शकत नाही. जो दूर जाऊ शकत नाही, त्याचे जवळ येणे हे शिकणे नव्हे.

आता शिकवण्याकडे येऊ. फिंच शिकतात का, अशी शंका अनेकजण घेतात. प्रयोगशाळांत झेब्रा फिंच ठरावीक दांडीवर बसून किंवा कळ दाबून दाणे मिळवायला शिकतात, दोन वेगवेगळी गाणी ऐकून त्यांतील फरकानुसार वेगवेगळी कृतीही करतात. त्यांच्यात शिकण्याची कुवत उत्तम आहे, त्यांचा धीर तेवढा लहान आहे. म्हणून एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढेच पुरे. तो लक्ष देत असतानाच थांबावे. कंटाळून उडून जाईपर्यंत ताणू नये.

पहिल्या टप्प्यात त्याला एका आवाजाचा अर्थ कळू द्यायचा. जिभेने हलकासा 'टक्' असा आवाज करा आणि लगेच कणसाचा तुकडा पुढे धरा. दोन-चार दाणे टिपले की कणीस मागे घ्या. शिकवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या खटका-पट्टीचा (क्लिकरचा) आवाज फिंचच्या मानाने फार मोठा असतो, जिभेचा आवाज बरा आणि तो कायम जवळच असतो. काही दिवसांत आवाज होताच तो कणसाकडे पाहू लागेल. तेथून पुढे हा आवाज म्हणजे 'आत्ता जे केलेस ते बरोबर' असा निरोप होतो.

दुसऱ्या टप्प्यात हाताऐवजी दांडी वापरा. वीतभर लांबीची, त्याच्या पिंजऱ्यातील दांडीसारखीच एक काडी घ्या आणि ती आडवी धरून त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबा. तो काडीकडे वळला की 'टक्' आणि कणीस. एक उडी जवळ आला की 'टक्' आणि कणीस. काडी त्याच्याकडे नेऊ नका, त्याला काडीकडे येऊ द्या. पोपटाला शिकवताना पोटाला बोट टेकवून 'वर ये' म्हणतात, ती पद्धत येथे लागू पडत नाही, कारण फिंच एकेक पाय उचलून चढत नाही, दोन्ही पायांनी उडी मारतो, आणि पोटाला काही टेकले तर तो मागे उडतो. तो काडीवर बसून खाऊ लागला की काडी धरलेली बोटे दर दोन-तीन दिवसांनी थोडी जवळ सरकवा. अखेर एके दिवशी त्याचा एक पाय काडीवर आणि दुसरा तुमच्या बोटावर असेल. त्या वेळी आनंदाने दुसरा हात पुढे करण्याचा मोह आवरा. बोट स्थिर राहू द्या आणि त्याला हवे तेव्हा उडू द्या. उडून जाण्याची मोकळीक मिळाली म्हणून तो परत येतो, हे काही आठवड्यांत तुमच्या प्रत्ययाला येईल. मध्येच एखादा दिवस तो मागे हटला, तर त्याच्यावर नाराज न होता आपणही एक पायरी मागे यावे. पीसबदलाच्या काळात तर अंग दुखरे असल्याने पक्षी चिडका होतो, तेव्हा काही काळ शिकवणे थांबवले तरी बिघडत नाही.

हाकेला येणेही याच वाटेने साधते. एकच छोटी शीळ ठरवा, ती नेहमी सारखीच असू द्या, आणि सुरुवातीला तो काडीकडे निघालेलाच असताना वाजवा. नंतर हातभर अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. ही शीळ त्याला पिंजऱ्यात कोंडण्यासाठी कधीही वापरू नका. पिंजऱ्यात जाण्यासाठी वेगळी खूण ठरवा, उदाहरणार्थ दाण्याच्या भांड्यावर नखाने दोनदा वाजवणे, आणि आत गेल्यावर तेथेच कणसाचे मोठे बक्षीस द्या. माझ्या मते फिंचला शिकवण्यासारख्या सर्वांत मोलाच्या गोष्टी दिसायला साध्या असतात: आपणहून पिंजऱ्यात जाणे, प्रवासाच्या छोट्या खोक्यात शिरणे आणि वजनकाट्यावर क्षणभर थांबणे. बोटावर बसलेला पक्षी पाहून पाहुणे खूश होतात, पण आजारपणात पक्ष्याचा जीव वाचतो तो या तीन सवयींमुळे. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन घेत गेलात, आणि ते नेहमीच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाने उतरलेले दिसले, तर पिसे फुगवून बसण्यापूर्वीच तुम्ही त्याला पक्ष्यांच्या पशुवैद्यकाकडे नेऊ शकाल.

खोलीत मोकळे सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद असावा, खिडक्यांच्या काचांवर पडदे ओढलेले असावेत, पाण्याची उघडी भांडी झाकलेली असावीत. हातावर वाढलेले फिंच जमिनीवरही निर्धास्त फिरतात, त्यामुळे पाय घासत चालावे आणि दार उघडताना त्याच्या फटीत वर-खाली पाहावे. न चिकटणारा मुलामा दिलेली भांडी अतिशय तापली की त्यांतून निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकते; अशी भांडी पक्षी असलेल्या घरात न वापरणेच उत्तम.

तुम्ही बाहेर गेल्यावर तो हाका मारतो, हे वाचून मी थबकले. तुम्हाला त्यात जिव्हाळा जाणवला असेल, आणि तो नाही असे मी म्हणणार नाही. परंतु झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर थव्याने राहणारा पक्षी आहे, आणि थव्यात एका पक्ष्याची हाक दुसऱ्याच्या उत्तराशिवाय क्वचितच राहते. तुम्ही कामावर असता तेवढे तास तुमचा पक्षी हाक देऊन उत्तराची वाट पाहतो, आणि उत्तर येत नाही. एकटा ठेवला तर तो आपलाच राहील, हा विचार अनेक घरांत केला जातो. मला तो पक्ष्यावर अन्याय करणारा वाटतो. या पक्ष्यांचे आयुष्य पाळीव स्थितीत साधारण पाच ते आठ वर्षांचे असते. त्या काळात तुमची नोकरी, प्रवास, आजारपण यांतील कशाचेही वेळापत्रक त्याला कळणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की त्याला त्याच्या जातीची सोबत द्यावी. मादी आणली तर ती लवकरच अंडी घालू लागेल. घरटे ठेवले नाही तरी दाण्याच्या भांड्यात घालेल. एकामागून एक अंडी घालून मादी खंगते, अंडे अडकून दगावूही शकते. पिल्लांची जबाबदारी घेण्याची तयारी नसेल, तर जवळपास याच वयाचा दुसरा नर आणणे मला अधिक सोयीचे वाटते. मादी दृष्टीस पडत नसेल आणि पिंजरा ऐसपैस असेल, तर दोन नर सहसा गुण्यागोविंदाने राहतात. तीन पक्षी मात्र ठेवू नयेत, कारण दोघांचे जुळते आणि तिसऱ्याचा छळ होतो. बंगाली फिंच स्वभावाने सौम्य असतो आणि सोबतीला चालतो, पण तो दुसरा पर्याय समजावा.

नवा पक्षी पहिला महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवावा, म्हणजे काही आजार असल्यास कळून येईल. त्यानंतर दोन पिंजरे अंतर राखून समोरासमोर, मग शेजारी शेजारी ठेवा. दोघांना एकत्र करताना तुमच्या पक्ष्याच्या जुन्या पिंजऱ्यात नव्याला सोडू नका. उंचीपेक्षा लांबीने मोठा, सुमारे ९० सेंटिमीटर लांबीचा आणि सेंटिमीटरभराच्या फटींचा नवा पिंजरा घेऊन त्यात दोघांनाही एकाच वेळी सोडा. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन टोकांना दोन-दोन ठेवा. तुमचा पक्षी सुरुवातीला नव्याकडे दुर्लक्ष करील, कदाचित त्याला हुसकावील, आणि बोटासमोर नाचणे चालूच ठेवील. रक्त निघण्यासारखी मारामारी किंवा एकाला खाऊच न देणे दिसले तर वेगळे करावे. किरकोळ तंटे त्यांचे त्यांना मिटवू द्यावेत. दोघे एका दांडीवर टेकून झोपलेले दिसायला काही आठवडे लागतील.

तो तुम्हाला विसरेल का? त्याचे तुमच्याकडे येणे कमी होईल, हे मी लपवून ठेवणार नाही. पण शीळ आणि कणीस यांचा संबंध तो विसरणार नाही, आणि माणसाळलेल्या पक्ष्याच्या शेजारी राहून नवा पक्षीही बऱ्याचदा अधिक धीट होतो. शिकवताना दोघांसाठी दोन काड्या वापरा, म्हणजे कणसावरून झोंबाझोंबी होणार नाही.

ज्या वाचकांच्या घरी आत्ता फिंचची पिल्ले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. माणसाळलेला पक्षी हवा म्हणून धडधाकट पिल्लू आईबापांपासून काढून हाताने भरवू नये. भरवायचे अन्न सुमारे ३९ ते ४० अंश सेल्सियस असावे; त्याहून फार गरम असले तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, थंड असले तर ती रिकामी होत नाही, आणि घाईत थेंब श्वासनलिकेत गेला तर पिल्लू हातातच जाते. शिवाय नराचे गाणे उपजत नसते. साधारण पंचविसाव्या दिवसापासून दोन महिन्यांपर्यंत तो बापाचे किंवा जवळच्या प्रौढ नराचे गाणे ऐकून मनात साठवतो आणि ९० दिवसांच्या सुमारास त्याचे गाणे कायमचे ठरते. त्या काळात ज्याला ऐकायला कोणी नसते, त्याचे गाणे विस्कळीत राहते. पिल्लू घरट्याबाहेर पडले असेल तर ते आधी हाताच्या उबेने गरम करून परत घरट्यात ठेवून पाहावे. माणसाचा हात लागला म्हणून फिंच पिल्लाला टाकत नाहीत. पुन्हा बाहेर टाकले गेले, तर त्याच वयाची पिल्ले वाढवत असलेली बंगाली फिंचची जोडी ओळखीत आहे का, ते पाहावे. ती परकी पिल्ले सहसा स्वीकारते. कोणताच मार्ग उरला नाही आणि हातानेच भरवावे लागले, तर शक्यतो दोन पिल्ले एकत्र वाढवावीत, त्यांचा खोका प्रौढ फिंचच्या पिंजऱ्याजवळ ठेवावा, आणि ती स्वतः खाऊ लागताच, म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात, त्यांना इतर तरुण पक्ष्यांत सोडावे. आईबापांनीच वाढवलेले पिल्लू माणसाळवायचे असेल, तर ते घरट्याबाहेर आल्यापासून दिवसातून दोनदा पिंजऱ्याशेजारी शांत बसून जाळीतून राळ्याचे कणीस धरावे. एवढ्यानेही ते महिन्या-दोन महिन्यांत हातून खाऊ लागते.